कॅन्ससची धावणारी मुले

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



वर्धापनदिनी मी कशावर बोलणार, असे चिटणीसबाईंनी मला विचारले तेव्हा "कॅन्ससमधली शाळकरी धावणारी मुले" असे मी सांगितले. त्या जरा घुटमळल्या आणि म्हणाल्या, "बाई, विषय छान आहे हो, पण आपल्या बायकांना त्याचे काय?" प्रश्न अगदी रास्त होता. त्याचे उत्तर मी भाषणाच्या ओघात देईन. आधी ती मुले तुम्हांला भेटू द्यात.

माझी लेक आणि जावई कॅन्ससमधील विचिटा या शहरी असतात. त्यांच्याकडे जाऊन राहण्याचा योग मला दोनदा आला. हे राज्य अमेरिकेच्या अगदी मधोमध आहे. विस्ताराने ते आपल्या महाराष्ट्राच्या साधारण दोन-तृतीयांश भरेल, पण वस्ती म्हणाल तर तीस लाखांच्या आसपास. ना डोंगर, ना समुद्र. नजर पोहोचेल तेथवर गहू आणि त्यावरून अष्टौप्रहर वाहणारा वारा. दोरीवर घातलेले लुगडे उडून शेजारच्या गावी जाईल असा तो वारा! पाहुण्याला हौसेने नेऊन दाखवावे असे तेथे फारसे काही नाही. पण या राज्याच्या शाळांनी एकामागून एक असे धावणारे विद्यार्थी दिले की, साऱ्या जगाने त्यांची नावे लक्षात ठेवली.

पुढचे समजण्यासाठी एक हिशेब ध्यानात असू द्या. मैल म्हणजे १६०९ मीटर. धावण्याच्या मैदानाला चार फेऱ्या घातल्या की जवळजवळ एक मैल भरतो. एक फेरी एका मिनिटात, अशा चार फेऱ्या सलग घालणे माणसाच्या आवाक्यातले नव्हे, असे पुष्कळ दिवस मानले जात होते. इंग्लंडच्या रॉजर बॅनिस्टरने ६ मे १९५४ रोजी ऑक्सफर्ड येथे ३ मिनिटे ५९.४ सेकंदांत मैल धावून तो समज खोटा पाडला. चार मिनिटांची ही वेस मनात धरून आता पुढे ऐका.

पहिला मुलगा ग्लेन कनिंगहॅम. राज्याच्या पार नैऋत्य कोपऱ्यात एल्कहार्ट नावाचे गाव आहे, त्या बाजूला तो वाढला. १९१७ सालच्या फेब्रुवारीतली गोष्ट. ग्लेन सात वर्षांचा होता. थंडीचे दिवस, म्हणून शाळेची शेगडी पेटविण्याचे काम मुलांकडेच असे. त्या दिवशी ग्लेन आणि त्याचा थोरला भाऊ फ्लॉइड लवकर शाळेत गेले. घासलेटच्या डब्यात कोणीतरी चुकून पेट्रोल भरून ठेवले होते. भडका उडाला. फ्लॉइड त्यात गेला. ग्लेनचे दोन्ही पाय असे भाजले की डाव्या पायाची सारी बोटे गेली आणि तळव्याची कमानही नाहीशी झाली. पाय कापावे लागतील, असे डॉक्टर म्हणाले. आईवडिलांनी नकार दिला.

भगिनींनो, या ठिकाणी मी नेहमी थांबते. या मुलाची कथा अमेरिकेतल्या शाळांतून पुष्कळ सांगितली जाते, आणि सांगणारे त्याच्या जिद्दीवर भर देतात. जिद्द होतीच, ती कोण नाकारील? परंतु एक मुलगा नुकताच जळून गेला आहे, दुसरा खाटेवर आहे, घरात पैसा नाही, आणि ती बाई रोज त्या मुलाच्या आखडलेल्या पायांना मालीश करीत बसते. एक दिवस नव्हे, दोन दिवस नव्हे, महिनोन् महिने. घरच्या इतर कामांतून तिला कोणी सूट दिली असेल असे मला वाटत नाही. आपल्यापैकी ज्यांनी बाळंतिणीची, नाहीतर अर्धांगाने पडलेल्या सासऱ्यांची सेवा केली आहे त्यांना हे काम काय असते ते ठाऊक आहे. त्यात प्रगती डोळ्यांना दिसत नाही. कालच्यापेक्षा आज पाय एक रेघभर अधिक वळला, एवढेच. पुढे ग्लेन सांगत असे की चालताना त्याचे पाय दुखत आणि धावताना दुखत नसत, म्हणून तो कोठेही जायचे तर धावतच जाई.

हाच मुलगा १९३० साली, शाळेच्या शेवटच्या वर्षात, शिकागो येथील राष्ट्रीय शालेय स्पर्धेत ४ मिनिटे २४.७ सेकंदांत मैल धावला. त्याआधी कोणताही शाळकरी मुलगा इतक्या वेगाने धावला नव्हता. १९३४ साली प्रिन्स्टन येथे त्याने ४ मिनिटे ६.८ सेकंदांचा जागतिक उच्चांक केला आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये १५०० मीटरला रौप्यपदक मिळविले. शर्यतीपूर्वी त्याला पुष्कळ वेळ अंग तापवावे लागे, कारण भाजलेल्या पायांत रक्त खेळायला उशीर लागे. आणि पुढे काय केले म्हणाल, तर त्याने आणि त्याच्या पत्नी रूथबाईंनी कॅन्ससमधल्या आपल्या शेतवाडीवर अडचणीतल्या, बिघडलेल्या, टाकून दिलेल्या मुलांना आसरा दिला. त्यांच्या हातांखालून वर्षानुवर्षांत हजारो मुले गेली. हजारो पोरांचे स्वयंपाकपाणी! ऑलिंपिकचे पदक मला त्यापुढे किरकोळ वाटते. हे माझे मत. तुम्ही स्वीकारलेच पाहिजे असे नाही.

दुसरा मुलगा वेस सॅन्टी, ॲशलंड गावचा. घर गुरेढोरे आणि शेतीचे. वडील फार कडक, आणि मुलाचे धावणे म्हणजे कामचुकारपणा अशी त्यांची पक्की समजूत. (असे वडील कॅन्ससमध्येच असतात असे नाही, हे मी सांगायला नको.) तरी शाळेत असतानाच सॅन्टीने कनिंगहॅमचा राज्यातला मैलाचा उच्चांक मोडला. चार मिनिटांची वेस ओलांडण्यासाठी जगात जे तिघे झटत होते त्यांत बॅनिस्टर आणि ऑस्ट्रेलियाचा लँडी यांच्या बरोबरीने हा गुराख्याचा पोर होता. त्याची सर्वांत चांगली वेळ ४ मिनिटे ०.५ सेकंद. म्हणजे अर्धा सेकंद राहिला. टाळी वाजवायला जितका वेळ लागतो तितका. पुढे १९५६ साली, प्रवासखर्चाचे पैसे ठरल्यापेक्षा जास्त घेतले या कारणावरून हौशी खेळाडूंच्या संघटनेने त्याच्यावर कायमची बंदी घातली आणि त्याचे मेलबोर्नचे ऑलिंपिक हुकले. त्या काळी हौशी खेळाडूने पैसा घेऊ नये असा दंडक होता. ज्यांच्या घरी खायला भरपूर आहे त्यांनी केलेला तो दंडक असणार, असे मला वाटल्यावाचून राहत नाही.

तिसरा मुलगा जन्माने कॅन्ससचा नव्हे, पण शाळेने त्याच राज्याचा. बिली मिल्स हा लाकोटा जमातीचा, दक्षिण डकोटातल्या पाइन रिजचा. आई लहानपणी गेली, बाराव्या वर्षी वडीलही गेले. त्याला कॅन्ससमधील लॉरेन्स गावच्या हॅस्केल इन्स्टिट्यूटमध्ये पाठविण्यात आले. मूळ रहिवाशांच्या मुलांसाठी सरकारने १८८४ मध्ये सुरू केलेली ही वसतिशाळा. अशा शाळांचा पूर्वेतिहास सुखाचा नाही; मुलांचे केस कापावयाचे, त्यांची भाषा बोलू द्यावयाची नाही, असा प्रकार त्यांत चाले. मिल्स शिकला तो नंतरच्या काळात. तेथे तो धावू लागला, राज्याच्या शालेय स्पर्धा त्याने जिंकल्या, आणि मग कॅन्सस विद्यापीठात गेला. विद्यापीठाच्या दिवसांत एकदा विजेत्यांचे छायाचित्र काढताना त्याला बाजूला हो म्हणून सांगण्यात आले, ही हकीगत त्याने स्वतः अनेकदा सांगितली आहे. त्याचा जीवही नकोसा झाला होता. १४ ऑक्टोबर १९६४ रोजी टोकियोत तोच मुलगा १०,००० मीटरच्या शर्यतीत २८ मिनिटे २४.४ सेकंदांत पहिला आला. आजवर या शर्यतीचे ऑलिंपिक सुवर्ण दुसऱ्या कोणाही अमेरिकनाला मिळालेले नाही.

टोकियोच्या त्याच चमूत एक सतरा वर्षांचा शाळकरी मुलगा होता. त्याचे नाव जिम रायन, आणि कॅन्ससचे खरे वेड आहे ते याचे.

रायन विचिटाचा. त्याची शाळा, विचिटा ईस्ट, मी पाहिली आहे. डग्लस रस्त्यावर जुन्या विलायती धर्तीची मोठी दगडविटांची इमारत आहे. लहानपणी गोवर येऊन याच्या कानांना अपाय झाला होता, ऐकू कमी येई. त्यात दम्याचा त्रास. बेसबॉलच्या संघातून याला वगळले, बास्केटबॉलच्या संघात घेतले नाही. मोठ्या शाळेत आल्यावर तो लांब पल्ल्याच्या धावण्याकडे वळला, त्याचे एक कारण असे की त्या खेळात पोरांना सहसा परत पाठवीत नाहीत. जो येईल त्याने धावावे. चाचणीच्या पहिल्या मैलाला त्याला साडेपाच मिनिटांहून अधिक वेळ लागला. आपल्या शाळांतली चांगली धावणारी मुले तेवढ्या वेळात सहज जातील.

परंतु तेथे बॉब टिमन्स नावाचे शिक्षक होते. ते मूळचे पोहण्याच्या शिकवणीतले, म्हणून थोडे अंतर वेगाने, मग जरा विसावा, पुन्हा तेच, अशा पद्धतीचे त्यांना वेड. कधी कधी मैदानाची एक फेरी चाळीस वेळा! रायन सकाळी वर्तमानपत्रे टाकावयास जाई, धावून येई, मग शाळा, मग पुन्हा धावणे. आठवड्याची बेरीज शंभर मैलांपर्यंत जाई. पहिले वर्ष संपता संपता त्याचा मैल ४ मिनिटे ८ सेकंदांच्या आत आला. एका स्पर्धेहून शाळेच्या बसने परत येत असता टिमन्स त्याच्याजवळ बसले आणि म्हणाले की, चार मिनिटांच्या आत मैल धावणारा पहिला शाळकरी मुलगा तू होऊ शकशील. तोवर ही गोष्ट जगात कोणाही शाळकरी मुलाने केली नव्हती. मुलगा बुजरा, कानाने अधू. त्याला ते खरे वाटले नाही. शिक्षकांना मात्र वाटत होते.

५ जून १९६४ रोजी कॅलिफोर्नियात कॉम्प्टन येथे रायन ३ मिनिटे ५९.० सेकंदांत मैल धावला. गंमत अशी, की त्या शर्यतीत त्याचा क्रमांक आठवा होता! मोठमोठ्या सात पुरुषांच्या मागून तो आला आणि तरी जगातला पहिला ठरला. पुढच्या वर्षी, १५ मे १९६५ रोजी, खुद्द विचिटात राज्याच्या शालेय स्पर्धेत, जेथे बरोबरीला नुसती शाळेचीच पोरे, तेथे त्याने ३ मिनिटे ५८.३ सेकंद नोंदविले. आणि २७ जून १९६५ रोजी सॅन डिएगोत न्यूझीलंडच्या पीटर स्नेलला, म्हणजे टोकियोच्या दुहेरी सुवर्णविजेत्याला, त्याने ३ मिनिटे ५५.३ सेकंदांत मागे टाकले. शाळकरी मुलाचा हा अमेरिकेतला उच्चांक छत्तीस वर्षे टिकला. व्हर्जिनियाच्या ॲलन वेबने तो २००१ साली मोडला.

पुढे १९६६ मध्ये रायनने मैलाचा जागतिक उच्चांक केला आणि १९६७ मध्ये तो स्वतःच सुधारला. १९६८ साली मेक्सिकोच्या विरळ हवेत केनियाच्या किपचोगे केइनोने त्याला हरविले आणि रौप्यपदकावर समाधान मानावे लागले. त्यासाठी त्याच्याच देशातल्या लोकांनी त्याला बोल लावले. बिचारा एवढा शिणला की १९६९ मध्ये भर शर्यतीतून बाहेर पडला आणि दीड वर्षाहून अधिक काळ धावलाच नाही. बावीस वर्षांच्या पोराला एवढा शीण यावा, ही गोष्ट आपण आयांनी नोंदवून ठेवण्यासारखी आहे. टिमन्सगुरुजींची मी स्तुती केली खरी, पण आठवड्याला शंभर मैल ही वाढत्या मुलाला द्यावयाची मात्रा नव्हे, असेच मी म्हणेन.

आता चिटणीसबाईंच्या प्रश्नाकडे येते.

लेकीच्या घरी बसून मी ही माहिती वाचीत असता, पहिल्या दिवशी माझ्या ध्यानात आले नाही ते तिसऱ्या-चौथ्या दिवशी आले. कनिंगहॅम, सॅन्टी, मिल्स, रायन. १९३० पासून १९६५ पर्यंतच्या या मालिकेत मुलीचे एकही नाव नाही. कॅन्ससच्या मुलींना पाय नव्हते का? त्याच गव्हातून, त्याच वाऱ्यातून शाळेला त्याही जात होत्याच.

त्याचे कारण असे. १९२८ साली ॲमस्टरडॅमच्या ऑलिंपिकमध्ये स्त्रियांसाठी प्रथमच ८०० मीटरची शर्यत ठेवली. जर्मनीची लीना राडके पहिली आली, जपानची किनुए हितोमी दुसरी. अंतिम शर्यतीत नऊ जणी धावल्या आणि नऊही जणींनी शर्यत पुरी केली. पण बायका धडाधड कोसळल्या अशी वर्णने वर्तमानपत्रांत आली. एका लेखकाने तर धावणाऱ्यांची संख्या अकरा दिली. धावल्या होत्या नऊ! शर्यतीनंतर दमून गवतावर बसणे पुरुषांना शोभते, बायकांना नाही, एवढाच त्याचा अर्थ. ती शर्यत बंद झाली ती १९६० च्या रोम ऑलिंपिकपर्यंत. बत्तीस वर्षे! स्त्रियांची मॅरेथॉन तर १९८४ साली आली.

शाळांतही तोच न्याय. वॉशिंग्टन राज्यातल्या डोरिस ब्राउन या मुलीला, ती मुलगी आहे म्हणून, शाळेच्या मैदानावरील धावपट्टी वापरू देत नसत. तीच पुढे १९६७ पासून १९७१ पर्यंत ओळीने पाच वर्षे रानावनातून धावण्याच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत जगात पहिली आली. १९७१-७२ या शालेय वर्षी साऱ्या अमेरिकेत शाळांच्या संघांतून खेळणाऱ्या मुली सुमारे २ लाख ९४ हजार होत्या, आणि मुलगे ३६ लाखांहून अधिक. जून १९७२ मध्ये कायदा झाला, की सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेने मुलगी म्हणून कोणाला वगळू नये. त्यानंतर हे चित्र पालटू लागले. मी विचिटात होते तेव्हा संध्याकाळी शाळांच्या संघांच्या मुली पायवाटेवरून घोळक्याने धावत जाताना रोज दिसत. कोणी वळूनही पाहत नसे.

आपल्याकडे असा कायदा आडवा येत नाही. नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याची कविता राऊत २०१० च्या दिल्लीतील राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरला कांस्यपदक घेऊन आली. माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर २०१६ साली रिओच्या ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत अंतिम फेरीत धावली आणि दहावी आली. आपल्या मुलींच्या पायांविषयी शंका घेण्यास आता जागा उरलेली नाही.

तथापि आपल्याच वस्तीचे पाहा. गेल्या जूनमध्ये मैदानावर सकाळी धावावयास चौदा मुली येत होत्या. दिवाळीनंतर मी मोजल्या तेव्हा पाच होत्या. मुलगे मात्र होते तितकेच. मी घरोघर जाऊन विचारले. कोणी म्हणाल्या शिकवणीची वेळ बदलली, कोणी म्हणाल्या उन्हाने काळी पडते. दोघी-तिघींनी आवाज खाली करून सांगितले, "बाई, आता ती मोठी झाली ना." एका आजींनी तर धावण्याने पुढे मूल होण्यास अडचण येते असे सांगितले. आजींचा मान राखून मी त्यांना एवढेच म्हटले की, १९२८ साली युरोपातले मोठमोठे डॉक्टरही हेच म्हणत होते, आणि ते खोटे ठरले.

काळजी करण्यासारख्या गोष्टी आहेत, त्या निराळ्या. वाढत्या मुलीच्या अंगी रक्त कमी असते. ती धावत असेल तर तिला नाचणीची भाकर, पालेभाजी, उसळी, गूळ-शेंगदाणे, चालत असेल त्या घरी अंडे, हे पोटभर मिळावयास हवे. भावाच्या पानात तूप आणि तिच्या पानात उरलेसुरले, असे चालणार नाही. धावू लागल्यावर मुलीची पाळी दोन-तीन महिने आलीच नाही, तर ते धावण्याचे लक्षण म्हणून सोडून देऊ नये. बहुधा खाणे पुरत नसते, आणि त्याने हाडे ठिसूळ होतात. डॉक्टरांना दाखवावे. पाळीच्या दिवसांत तिला बरे वाटत असेल तर धावू द्यावे, नसेल तर राहू द्यावे. त्याचा हिशेब तिचा तिने ठेवावा. बूट मात्र मापाचे हवेत. थोरल्या भावाचे जुने बूट कापूस कोंबून घालण्याची काटकसर करू नका.

शंभर मैलांची गोष्ट आपल्याकडे नकोच. आठवड्यातून चार दिवस, सुरुवातीला वीस मिनिटे, बोलता बोलता धावता येईल इतक्याच वेगाने. एवढ्यावर वर्षभर राहिले तरी पुरे.

रस्त्यावरच्या टवाळ पोरांचा प्रश्न खरा आहे, तो मी उडवून लावीत नाही. त्यावर उपाय म्हणून आम्ही तिघीचौघींनी असे ठरविले आहे की, सकाळी साडेपाच ते साडेसहा मैदानाच्या दोन्ही फाटकांशी आपल्यापैकी एकेक जणीने बसावे. विणकाम घेऊन या, जप करा, नुसत्या गप्पा मारा, पण बसा. सोमवार आणि गुरुवार माझे आहेत. मंगळवारी जोशी वहिनी आणि शेखकाकू येणार आहेत. बुधवार, शुक्रवार आणि शनिवार अजून रिकामे आहेत. ज्यांना जमेल त्यांनी चहाच्या वेळी चिटणीसबाईंच्या वहीत नाव लिहावे, आणि घरी आठवी ते दहावीतली मुलगी असेल तर तिचेही नाव त्याच पानावर खाली लिहावे.